दोन्ही पाय एकदम गेले: लकवा की एओर्टा बंद?

प्रश्न (मेडिकल ऑफिसर, सातपुड्याच्या पायथ्याचं ग्रामीण रुग्णालय)
‘पाय बधीर व्हई ग्यात’ म्हणत रुग्णाला उचलून आणतात आणि चिठ्ठीवर ‘लकवा’ लिहून तो पुढे जातो. अशांमध्ये महाधमनी (एओर्टा) अचानक बंद झालेला रुग्ण सीटीशिवाय कसा ओळखायचा? १०८ येईपर्यंत काय करायचं?

उत्तर (जनरल सर्जन, धुळे)
आधी जांघेत बोटं ठेवा. दोन्ही फेमोरल (जांघेतल्या) नाड्या लागत नाहीत, पाय गार, पांढरे-निळसर चट्टे मांड्यांपर्यंत, कधी बेंबीपर्यंत चढलेले, आणि दुखणं एकाएकी सुरू झालेलं: मग दुसरं सिद्ध होईपर्यंत हा एओर्टाच. मणक्याच्या लकव्यात पाय हलत नाहीत, पण नाडी लागते आणि पाय असे गार पडत नाहीत. पल्स ऑक्सिमीटर पायाच्या बोटाला लावून पाहा. हाताला ९८ आणि दोन्ही पायांना आकडाच नाही, हे बोलकं असतं. एकट्यावर विसंबू नका, शॉकमध्येही तसंच होतं.

मनगटाची नाडी अनियमित असेल, जुना माइट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) किंवा नुकताच हार्ट अटॅक असेल, तर हृदयातली गुठळी एओर्टा दोन पायांकडे फुटते त्या दुभाजकावर अडकली असावी. वर्षानुवर्षं बिडी, चालताना पोटऱ्या-ढुंगण भरून येणं, असा इतिहास असेल तर आधीच अरुंद झालेल्या धमनीत जागेवरच रक्त गोठलेलं असतं. मे महिन्यात शेतात पाणी न पिता राबणं, एवढं निमित्तही त्याला पुरतं.

हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायचं, पण त्याआधी एकच गोष्ट तपासा: छाती-पाठीत फाटल्यासारखी कळ आणि दोन हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक. तसं असेल तर डिसेक्शनचा (एओर्टाची भिंत आतून फाटल्याचा) संशय धरा आणि हेपरिन देऊ नका. नाहीतर किलोला ८० युनिट शिरेतून, ६० किलोच्या माणसाला साधारण ५००० युनिट. मग तासाला किलोमागे १८. वायल नीट वाचा, मिलीला १००० आणि ५००० अशा दोन्ही ताकदीच्या येतात, चूक तिथेच होते. २५,००० युनिट ५०० मिली सलाइनमध्ये घातले तर मिलीला ५० होतात. ६० किलोला तासाला २१-२२ मिली. पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला तेवढेच थेंब.

मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल शिरेतून, ऑक्सिजन, सलाइन, लघवीची नळी. डायक्लोफेनॅक नको, कंबरेतलं कोणतंच इंजेक्शन नको. पाय उंच करू नका. घरचे गरम पिशवीने शेकत असतील तर आधी ते थांबवा. बधीर कातडी भाजते.

प्रश्नकर्ता
गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हाताशी असतं. देऊन पाठवावं का?

उत्तर (व्हॅस्क्युलर सर्जन, नाशिक)
नको. पाय हलत नाहीत म्हणजे तास मोजायची वेळ आलेली. औषध मोठी गुठळी विरघळवायला फार वेळ घेतं आणि मग शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरत नाही. सुमारे ६ तासांनंतर स्नायू वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते, आणि धुळे-नाशिक रस्ताच १५० किमीच्या वर आहे. क्रिएटिनिनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी थांबू नका. फोन करा, ‘दोन्ही फेमोरल नाहीत, पाय हलत नाहीत, दुखणं अमुक वाजता सुरू झालं’ एवढं सांगा. सीटी अँजिओ आणि ओटी तयार राहते.

इकडे दोन्ही जांघा उघडून ५-६ नंबरची फोगार्टी (टोकाला फुगा असलेलं, गुठळी ओढून काढायचं कॅथेटर) वर घालतो. एक बाजू ओढताना दुसऱ्या बाजूची धमनी क्लॅम्पने (चिमट्याने) बंद, नाहीतर तुकडा तिकडे सरकतो. फुगा फुगवणाऱ्यानेच कॅथेटर ओढावं, हाताला ताण कळतो. फोगार्टी वर जाईना, किंवा गेली तरी रक्त उसळून येईना, तर जुनी अरुंद धमनी समजून काखेतून दोन्ही मांड्यांपर्यंत बायपास.

उत्तर (भूलतज्ज्ञ, जळगाव)
माझी तक्रार नेहमी क्लॅम्प सोडण्याबद्दल असते. आधी सांगा आणि एकेक पाय सोडा. मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम आणि आम्ल एकदम हृदयावर येतं. ईसीजीत टी लहरी टोकदार दिसल्या की १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली हळू, मग १० युनिट साधं इन्सुलिन आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली. लघवी चहासारखी झाली तर मायोग्लोबिन (मेलेल्या स्नायूतलं प्रथिन); द्रव वाढवून तासाला १०० मिली लघवी पाडा.

पोटरी ताठ झाली, घोटा वाकवताना कळ आली, की पोटरीतल्या स्नायूंचे चारही कप्पे लगेच चिरून उघडा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.