पिवळ्या सिक्लिडने नऊ दिवस काही खाल्लं नाही, गळा सुजलाय. औषध टाकू का?

सोलापूरची_आई

नमस्कार. औषधाची बाटली ओट्यावर आणून ठेवलीय आणि आज रात्री टाकायचं की नाही ते ठरवायचंय, म्हणून घाईत लिहितेय.

सहा आठवड्यांपूर्वी लेकाच्या दहाव्या वाढदिवसाला फिश टँक घेतला. ३६ बाय १५ बाय १८ इंच, साधारण दीडशे लिटर. दुकानदाराने "आफ्रिकन सिक्लिड घ्या, रंग बघा काय आहेत" म्हणून दहा मासे दिले. पाच पिवळेधमक, तीन गडद निळे उभ्या पट्ट्यांचे, दोन पिवळ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांचे. त्यातले तीन गेले. दोन पिवळे, एक निळा. लेक दोन दिवस जेवला नाही नीट.

काळजीत मी कुठे कमी पडले असेन असं वाटत नाही. दर रविवारी सगळं पाणी काढते, काच पुसते, गोटे धुते, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळते. आमच्या बोअरचं पाणी फार जड, बादल्या पांढऱ्या होतात, म्हणून आरओचे वीस लिटरचे सात जार मागवते. मधल्या दिवसांत उन्हाने पाणी खाली जातं, तेवढं मात्र बोअरचं घालते. खायला दुकानदाराने दिलेले वाळवलेले लाल किडे, दिवसातून तीनदा.

आता एका पिवळ्या माशाने नऊ दिवस तोंडात काही घेतलेलं नाही. खाणं टाकलं की बाकीचे तुटून पडतात, हा कोपऱ्यातल्या दगडामागे. हनुवटीखाली फुगल्यासारखं दिसतं. दुकानदार म्हणाला इन्फेक्शन आहे, निळं औषध टाका. चौथा मासा गेला तर लेकाला काय सांगू कळत नाही.

जांभ्याची_विहीर, रत्नागिरी

ताई, बाटली कपाटात ठेवा. आधी माशासमोर पाच मिनिटं बसून दोन गोष्टी बघा.

फुगवटा नेमका कुठे आहे? हनुवटीखाली, कल्ल्यांच्या मधल्या भागात, की पोटाला? आणि मासा मधूनमधून तोंडात काही घोळवल्यासारखं करतो का? म्हातारी माणसं तोंडात सुपारी घोळवतात ना, तसं. तोंड पूर्ण मिटत नाही, जबडा किंचित पुढे आलेला असतो, आणि दर थोड्या वेळाने आतलं काहीतरी उलटंपालटं होतं.

तसं दिसलं तर तो आजारी नाही. ती मादी आहे आणि तिच्या तोंडात अंडी आहेत. मलावी सरोवरातले हे सिक्लिड अंडी तोंडात उबवतात. साधारण तीन आठवडे, कधी चार. तेवढे दिवस ती जवळजवळ काहीच खात नाही. आत पंधरा-वीस अंडी असू शकतात. निळ्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि आईला त्रास होतो तो वेगळाच.

पोट फुगलं असेल आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर तो पोटाचा विकार. मग लगेच कळवा, त्याची वाट वेगळी.

आता बाकीचं. मी ३१ वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो आणि चौदा वर्षं हेच मासे पाळतोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही मायेने केलंत, पण मासे त्या रविवारच्या साफसफाईनेच गेले असावेत. गेलेले तिन्ही मासे रविवारी रात्री किंवा सोमवारी गेले का, तेवढं आठवून सांगा.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. स्पंजवर, गोट्यांवर, काचेवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसतं. हा थर धरायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचं मुरतं तशी टाकी मुरते. तुम्ही दर रविवारी बरणी धुऊन पुन्हा कोरं लोणचं घालत होतात. सहा आठवडे झाले तरी तुमची टाकी पहिल्याच आठवड्यात आहे.

यापुढे सगळं पाणी कधीच काढू नका. आठवड्याला पाव भाग पुरे. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोनदा दाबायचा. तो तपकिरी दिसला तर दिसू द्या.

पाण्याचं तर तुम्ही नेमकं उलट केलंय, आणि यात तुमचा दोष नाही, आपल्याकडे सगळ्यांनाच आरओ म्हणजे शुद्ध असं वाटतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी या माशांना मानवतं. मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान असतो. आरओमध्ये क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच धरून ठेवायला पाण्यात काही उरत नाही, तो घसरत जातो. माझ्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, इतकं हलकं की डाळ अर्ध्या तासात विरघळते. मला शिंपले उकळून, कुटून, त्याची पुरचुंडी फिल्टरमध्ये ठेवावी लागते. तुम्हाला ते बोअरमधून फुकट मिळतंय.

पण उद्या एकदम बोअरचं पाणी भरू नका, हे फार महत्त्वाचं. पाण्यात अमोनिया असेल आणि पीएच ७ असेल तर त्यातला शंभरात साधारण अर्धा भागच खऱ्या विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच अमोनिया शंभरात पाच भाग विषारी होतो. दहापट. म्हणून रोज फक्त दहा लिटर काढायचं आणि आदल्या रात्री बादलीत भरून, हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड सोडून ठेवलेलं दहा लिटर बोअरचं पाणी हळूहळू ओतायचं. दोन आठवडे असं करा. जार गार येत असतील तर तोही धक्का होता.

खाणं आजपासून एकवेळ, दोन मिनिटांत संपेल इतकंच. लाल किडे बंद. हे मासे खडकांवरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खाणारे. निळे तर बहुतेक शेवाळावरच जगतात. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचे दाणे मिळतात ते आणा. बाजारातून थेंबांचं अमोनिया टेस्ट किटही आणा. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया आहे.

कुर्ला_टँक

काकांनी सांगितलं ते बरोबर. मी अजून एक सांगेन, ताई, मूठभर खडे मीठ टाका. आफ्रिकन माशांना खारं पाणी लागतं, आमच्या इथे सगळे टाकतात.

जांभ्याची_विहीर, रत्नागिरी

कुर्लाभाऊ, ही समजूत मीही पहिली दोन वर्षं बाळगली होती, म्हणून सांगतो. मलावी हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे. तिथलं पाणी जड आहे, खारं नाही. मिठात सोडियम असतं. पाणी जड होतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियमने, आणि पीएच धरून ठेवतात कार्बोनेट. मिठाने यातलं काहीच वाढत नाही. ताईंच्या बोअरला तर मुळीच गरज नाही.

सोलापूरची_आई

काका, हात थरथरतोय लिहिताना. फुगवटा हनुवटीखालीच आहे. पोट सपाट, उलट खपाटीला गेलंय. आणि लेकाने मोबाइलचा टॉर्च लांब धरला तेव्हा ती खरंच तोंडात काहीतरी घोळवते! त्याच्या तोंडून "आई, तिच्या तोंडात बाळं आहेत" ऐकलं आणि मला रडूच आलं.

दोन मासे सोमवारी सकाळी मेलेले दिसले होते, तिसरा रविवारी रात्री. तुम्ही विचारेपर्यंत मी कधी वार जोडून बघितले नव्हते. जार गारच येतात, तासभर ठेवून ओतत होते.

किट आणलं. फिकट हिरवं आलं. पीएच साडेसहा ते सातच्या मध्ये.

दोन शंका आहेत. पट्ट्यांचा मोठा मासा हिच्यामागे सारखा धावतो, हिला वेगळं काढू का? आणि आमच्याकडे एप्रिलमध्येच ४० च्या वर जातंय, टाकीतला थर्मामीटर ३१ दाखवतो.

जांभ्याची_विहीर, रत्नागिरी

फिकट हिरवं म्हणजे थोडा अमोनिया आहे. रोजचे दहा लिटर चालू ठेवा, दोन दिवस बाकीच्यांनाही खायला घालू नका. उपाशी मरत नाहीत ते.

तिला आत्ता हलवू नका. घाबरली तर अंडी थुंकते किंवा गिळते. सतराव्या-अठराव्या दिवशी, संध्याकाळी दिवे घालवून, मोठ्या वाडग्यात पाण्यासकट अलगद उचला. जाळी नको. तीसेक लिटरचा प्लॅस्टिकचा टब घ्या, पाणी याच टाकीतलं भरा. बाजारात हवेवर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्तात मिळतो, तो आजच आणून मोठ्या टाकीत लावा म्हणजे तोवर त्यावर थर धरेल. टबात मातीच्या कुंडीचा तुकडा उपडा ठेवा, तिला आडोसा.

आडव्या पट्ट्यांचा तो बहुधा ऑरेटस जातीचा. मोठेपणी त्याचा नर जवळजवळ काळा होतो आणि तीन फुटांत कुणालाच सुखाने जगू देत नाही. दोन्ही दुकानात परत देऊन या. तोवर दगड वाढवा. काळ्या पाषाणाचे, हाताच्या पंजाएवढे, एकावर एक, मध्ये भरपूर भोकं. खालचे दगड वाळूवर नव्हे, तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल घालून त्यावर बसवा. हे मासे वाळू उकरतात, वाळूवरचा दगड कलंडला तर काच फुटते.

उन्हाळ्यासाठी काचेचं झाकण काढून जाळी ठेवा आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. दोन-तीन अंश सहज उतरतं. हवेचा पंप रात्रंदिवस चालू, गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. पंख्याने पाणी जास्त उडेल, आणि इथे मात्र तुमच्या जारचा उपयोग आहे. दोन आठवडे झाले आणि टाकी बरीचशी बोअरवर आली की उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच घाला. वाफ जाते तेव्हा क्षार मागे राहतात. तिथे पुन्हा बोअरचं घालत गेलात तर पाणी जडच होत जाईल.

लेकाला सांगा, हिच्या शास्त्रीय नावात सेरुलियस हा शब्द आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निळा. १९५६ साली नाव दिलं गेलं, आणि सरोवरात ही जात बहुतेक ठिकाणी निळसर-पांढरीच असते. पिवळी वस्ती पश्चिम किनाऱ्याच्या एका छोट्या पट्ट्यातच आहे.

मांडवीकाठ, गोवा

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. सिक्लिड म्हटलं की लोकांना आफ्रिका नाहीतर ॲमेझॉन आठवतं. पण आपण गोव्यात तळून खातो तो काळुंदर, केरळात ज्याला करीमीन म्हणतात, तोही सिक्लिडच. भारतात मूळच्या सिक्लिडच्या तीनच जाती, आणि त्यातली बारकी नारिंगी मी पाच वर्षं पाळलीय.

त्यांची तऱ्हा वेगळी. अंडी दगडाला चिकटवतात, आई-बाप दोघं राखण करतात, आणि पिल्लं पोहायला लागली की आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर टिपून टिपून खातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पिल्लं आईला चावतायत, आणि मीही औषध आणायला निघालो होतो. बायकोने थांबवलं.

सोलापूरची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय.

सतराव्या दिवशी सांगितल्याप्रमाणे वाडग्यातून हलवली. परातीएवढं पातेलंच वापरलं. कालच्या मंगळवारी सकाळी दूध तापवायला उठले, टबात डोकावले तर कुंडीच्या तुकड्याखाली नखाएवढी पिवळसर पिल्लं. मी वाकले तशी आई पुढे आली, तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं एकामागून एक आत! एकही बाहेर उरलं नाही. मी तशीच बसून राहिले, दूध उतू गेलं.

लेकाने दोनदा मोजली, चौदा. वहीत तारीख लिहून ठेवलीय त्याने. आईने काल दुपारी पहिल्यांदा दाणे खाल्ले, तीन. पिल्लांना तेच दाणे खलबत्त्यात पूड करून देतोय.

मोठ्या टाकीत अमोनिया आता पिवळा येतो, पीएच आठ. त्या दिवसापासून एकही मासा गेला नाही. दोन्ही ऑरेटस परत दिले. दुकानदाराला आम्ही अंड्यांचं सांगितलं, तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

आता टबातलं पाणी कसं बदलू? पिल्लं नळीत ओढली जातील म्हणून हिंमत होत नाहीये.

जांभ्याची_विहीर, रत्नागिरी

चौदा! पहिल्या खेपेला फार छान.

हवेच्या पंपाची बारीक नळी घ्या, तिच्या तोंडाला जुन्या मलमलीचा दुहेरी तुकडा दोऱ्याने बांधा आणि रोज तीन लिटर काढा, तळाची घाण राहील त्या बाजूने. भरताना मोठ्या टाकीतलंच पाणी घाला. आईला अजून चार-पाच दिवस टबातच खाऊ-पिऊ घाला, अंगात बळ आलं की मगच परत सोडा. सोडण्याआधी मोठ्या टाकीतल्या दोन दगडांची जागा बदला म्हणजे बाकीच्यांच्या हद्दी मोडतात आणि तिला कुणी परकी समजून मारत नाही.