अँबॅसिडर १४८९ पेट्रोल: हेडचे स्टड कुठले घ्यावेत आणि किती आवळावेत?

वाईची_अँबी

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७६ ची मार्क ३ आहे, १४८९ पेट्रोल. पसरणी घाटात निम्म्यावर गेलं की तापमानाचा काटा वर सरकायचा, पाचगणीत थांबून बघितलं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. कॉम्प्रेशन घेतलं: १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला १२५ पीएसआयच्या आसपास, २ आणि ३ ला जेमतेम ६०. हेड उतरवलं, तर गॅसकेट बरोबर २ आणि ३ च्या मध्ये जळालेली. हेड साताऱ्याला एमआयडीसीत फेसिंग करून आणलंय.

आता प्रश्न स्टडचा, म्हणजे हेड ब्लॉकवर दाबून धरणाऱ्या आटेदार दांड्यांचा. उतरवताना दोन स्टड नटासकट बाहेर आले. बाकीचे पुसून त्यांच्यावर नवा नट हातानं फिरवला, तर काहींवर तो सुरुवातीचे आटे सुरळीत जातो आणि मग अडतो. नट उलटा घालून बघितला, तिथंच अडतो.

पर्याय असे पुढं आलेत. एका दुकानदारानं आटे पाडलेली अखंड सळई कापून वापरा म्हणून सांगितलं. आमचे मेस्त्री म्हणतात, भंगारातल्या अँबीचे काढून आणू. मुंबईतला मित्र म्हणतो, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठीचा, एआरपी या अमेरिकन कंपनीचा स्टडचा संच मागव. त्याची किंमत ऐकून वडील गप्पच झाले.

दुसरं म्हणजे टॉर्क, नट किती जोरानं आवळायचा ते. कुणी ४० फूट-पाउंड सांगतं, कुणी ५०. तेल लावून की कोरडं? गाडी वडिलांचा जीव आहे, हेड परत उतरवायची वेळ यायला नको. जाणकारांनी सांगा.

लेथ_कोरेगाव

दादा, सळई अजिबात नको. ती मऊ असते, गेट-ग्रिलच्या कामाची. जुने स्टड घेऊन या, ईएन८ मध्ये, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादात, अकरा बनवून देतो. खालचे आटे जाड, वरचे बारीक, जसेच्या तसे. ट्रॅक्टरला, पंपाच्या इंजिनांना आपण असेच देतो.

टूलरूम_कराड

वाईकर, तुम्ही नट हातानं फिरवून बघितलात, हे फार चांगलं केलंत. नट जिथं अडतो, तिथं स्टड ताणला गेलाय. आट्यांचं अंतर वाढलं म्हणून नट बसत नाही. असा स्टड कितीही साफ केला तरी कामाचा नाही. आणि भंगारातल्या गाडीचे स्टड याच अवस्थेत असणार, त्यामुळे मेस्त्रींची सूचना बाजूला ठेवा.

आता धातू. कोरेगावकरांच्या हाताबद्दल शंका नाही, पण ईएन८ बद्दल आहे, आणि ती आकड्यांनी सांगतो. ४० फूट-पाउंड म्हणजे साधारण ५.५ किलो-मीटर, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. तीन अष्टमांश इंची स्टडवर नट एवढा आवळला की कोरड्या आट्यांवर एका स्टडवर साधारण २.९ टन ओढ येते. अकरा स्टड मिळून तीस टनांच्या वर. बारीक आट्यांच्या जागी स्टडचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर ५० किलो. हीट ट्रीटमेंट न केलेला नॉर्मलाइज्ड ईएन८ तिशीच्या आतच कायमचा लांबायला लागतो. तुम्ही आवळत राहता, टॉर्क पाना "टक" म्हणतच नाही, आणि आपल्याला वाटतं अजून थोडं राहिलंय. सळईची तर गोष्टच सोडा. बोल्ट-स्टडच्या ताकदीच्या ग्रेडमधला ८.८ चौसष्टच्या आसपास टिकतो, १०.९ नव्वदच्या वर. ईएन२४ हे निकेल-क्रोम पोलाद, टी कंडिशनमध्ये म्हणजे हीट ट्रीटमेंट केलेलं, पासष्ट-सत्तरच्या दरम्यान.

ओढीचा आकडा "कोरड्या आट्यांवर" असं मुद्दाम म्हटलं. टॉर्क पाना ओढ मोजत नाही, तो तुमच्या हाताला होणारा विरोध मोजतो, आणि त्यातला बराचसा विरोध घर्षणाचाच असतो. तेच ४० मोलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) काळी पेस्ट लावून दिले, तर घर्षण कमी होऊन ओढ पावणेचार टनांच्या पुढं जाते. दर चौरस मिलिमीटरला ६७-६८ किलो! तिथं ८.८ चा स्टड संपला, ईएन२४ काठावर आला. म्हणून "किती टॉर्क" हा प्रश्न "कशावर" हे ठरल्याशिवाय अर्धाच राहतो. या इंजिनाला ४० च, आट्यांना आणि नटाच्या खालच्या तोंडाला इंजिन ऑइलचा हलका हात. मोली नको, आणि गंजलेले कोरडे आटे तर नकोतच. ५० चा आकडा एमजीबीच्या १७९८ इंजिनाच्या पुस्तकातून येतो. घराणं एकच असलं तरी तो इथं आणायचा नाही.

एआरपीचा माल उत्तम, त्यात वाद नाही. पण स्टड कितीही ताकदीचा असला तरी त्याच टॉर्कला ओढ तेवढीच देतो. तुमचं इंजिन मूळ अवस्थेत आहे, टर्बो नाही, कॉम्प्रेशन वाढवलेलं नाही. त्या पैशात रेडिएटरचा कोअर साफ होईल, नवा थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपही बसेल. घाटात गाडी का तापली याचं उत्तर तिथंही शोधावं लागेल, नाहीतर नवीन गॅसकेटही तशीच जाईल. मागवायचाच ठरला, तर लांबी जुन्या स्टडशी ताडून घ्या.

माझा सल्ला: मूळ मापाचे, आटे रोल केलेले, १०.९ चे तयार स्टड मिळाले तर तेच. रोल केलेल्या आट्याच्या मुळाशी धातूचे तंतू तुटत नाहीत, लेथवर कापलेल्याच्या मुळाशी तुटतात, आणि भेग तिथूनच सुरू होते. नाही मिळाले, तर कोल्हापूरला उद्यमनगरात ईएन२४टी चा बार घेऊन कोरेगावकरांकडूनच करून घ्या. आट्याच्या मुळाला गोलाई ठेवायला सांगा, टोकदार व्ही नको. नट नवे, जाडीचे. वॉशर कडक केलेले आणि सपाट. मऊ वॉशर दबतो, आणि दिलेली ओढ त्यात मुरते.

ब्लॉकची भोकं नीट बघा, कारण बीडाला दया नसते. स्टड काढल्यावर भोकाच्या कडेवरून नख फिरवा. बारीक कडं लागलं, तर पहिला आटा वर ओढला गेलाय, आणि हेड तिथं बसतच नाही. तोंड हलकं काउंटरसिंक करा, आटा पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईल एवढंच. मग टॅप फिरवा, तोही साफ करण्यापुरता, आणि हवेनं भोक कोरडं करा. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर ते दाबलं जात नाही, आणि ब्लॉक आतून तडकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तडा डोक्याच्या केसाएवढा होता, आणि ब्लॉक गेला.

मिरजेचा_फिटर

काकांनी सगळं सांगितलंय, एक भर घालतो. या इंजिनात अकरा नटांपैकी चार रॉकरच्या ब्रॅकेटमधून जातात, ते स्टड लांब असतात, ऑर्डर देताना विसरू नका. त्याच ब्रॅकेटचे चार लहान नट वेगळे, त्यांना २५ च. आणि पुढंमागं कधी रॉकर उतरवायचा झाला तर पाणी काढा आणि अकराही नट थोडे थोडे ढिले करा. नुसते ते चार सोडले की हेड एका अंगाला ओढलं जाऊन वाकतं, आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

वाईची_अँबी

फार आभार, काका. ईएन२४टी चं ठरवलं, वडिलांनाही पटलं. दोनच शंका. ब्लॉकमध्ये स्टड किती घट्ट बसवायचा, लॉकटाइट लावायचं का? आणि आवळल्यावर परत कधी बघायचं?

टूलरूम_कराड

लॉकटाइट नको. स्टड बोटांनी पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचा, तळाला टेकला की पाव फेरा मागं. डबल नट लावून पान्यानं आवळू नका. तळाला रेटून बसवलेला स्टड भोकाला फाकवतो. एखादं भोक वॉटर जॅकेटमध्ये उघडलेलं दिसलं, तर तेवढ्याच आट्यांना सीलंट.

आवळताना मधल्यापासून बाहेर गोल गोल जायचं. आधी सगळे २०, मग सगळे ३०, मग ४०. शेवटचा ओढा एका दमात, सावकाश. मध्ये थांबलात तर नट चिकटतो आणि पाना खोटं "टक" देतो.

मग इंजिन गरम करा आणि रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी त्याच क्रमानं एकेक नट अष्टमांश फेरा ढिला करून परत ४० ला आणा. एका वेळी एकच नट, बाकीचे आवळलेलेच. ढिला न करता नुसता पाना लावला, तर चिकटलेल्या नटाचा विरोध मोजला जाईल. पाचशे किलोमीटरनंतर हेच एकदा पुन्हा. दोन्ही वेळा नंतर टॅपेट तपासायचे, कारण हेड किंचित खाली बसलेलं असतं आणि गॅप बदललेली असते.

बार घ्यायला जाल तेव्हा जुन्यातला न ताणलेला एक लांब आणि एक आखूड स्टड बरोबर न्या, आणि थ्रेड गेजनं दोन्ही टोकं मोजूनच कोरेगावला द्या.