अनुभव धागा: सांबऱ्याहून विमान, अंतर किती आणि वेळ किती?

भाची पहिल्यांदाच बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बंगळूरला विमानानं निघाली होती. म्हणाली, "मामा, आकाशातून जेमतेम साडेचारशे किलोमीटर, विमान ताशी पाचशेनं जातंय, मग तिकिटावर सव्वा तास का?" मी सांगितलं, पंख्याची एटीआर विमानं तो वेग वर पोचल्यावर धरतात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडं जागेवर थांबलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, सगळं त्यातच आलं. पण उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा वेळ कुठंच छापलेला नसतो. तो आपणच एकमेकांना सांगूया. घर कधी सोडलं, कधी पोचलात, तेवढं नक्की लिहा.

टिळकवाडी: मागच्या वेळी घर सोडलं १२ ला, जयनगरच्या खोलीवर पोचलो सव्वापाचला. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बंगळूर शहरात यायलाच दोन तास गेले. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री झोपून गेलं की सकाळी शहरातच उतरतो. मला तीच बरी पडते.

निपाणी: आम्हाला सांबऱ्यापेक्षा उजळाईवाडी जवळ पडतंय बघा. हायवेनं पाऊण तासात कोल्हापूरच्या विमानतळावर. बेळगावला यायचं तर हत्तरगीचा टोलनाका, मग शहर ओलांडून पलीकडं. लेकीकडं हैदराबादला जाताना तिकडूनच जातो.

खानापूर: मुंबई आकाशातून चारशे किलोमीटर, रस्त्यानं पाचशेच्या घरात. जुलैमध्ये तिथं आईचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं, दोन तास आधीच सांबऱ्याला जाऊन बसले. विमान आलं. वर घिरट्या घालतानाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, पण ढग इतके खाली की दिसेना. पाऊण तासानं सांगितलं, ते परत गेलं. पैसे मिळाले, पण आता पुढं कसं जायचं ते सांगायला काउंटरवर कुणी नव्हतं. रात्रीची बस धरली. सकाळी नऊला दवाखान्यात पोचले, तेव्हा आईला आत नेऊन वीस मिनिटं झाली होती. तिनं मागितलेली जुनी वाकळ माझ्या मांडीवर, एक कोपरा बसच्या खिडकीतल्या पाण्यानं भिजलेला. तेव्हापासून पावसाळ्यात विमानानं जायचं असलं तर मी आणखी एक दिवस आधीचंच तिकीट काढते.

सांबरा: माझं घर गावातच. ही धावपट्टी १९४२ सालची, ब्रिटिशांच्या हवाई दलानं केलेली. नवी इमारत २०१७ ला झाली. मी चालत पोचतो, तरी काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास धरावाच लागतो. खानापूरच्या ताई, आई कशा आहेत आता?

खानापूर: बरी आहे, दादा. परत आणताना गाडी केली, पाठीला उशी लावून. थांबत थांबत बारा तास लागले.