थॅडियस स्टीव्हन्स भाबडा होता का?

सांखळीची_वाचक
वाचनालयात या महिन्यात मला थॅडियस स्टीव्हन्सवर बोलायचंय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा खासदार, गुलामगिरीचा हाडवैरी. 1865 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, आता काळा-गोरा बरोबरीने नांदेल अशी त्याची आशा. 1868 मध्ये तो वारला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांचे हक्क पुन्हा हिरावले, ते पाहता त्याला भाबडा म्हणावं का?

डिचोलीकर
भाबडा कसला! वकील माणूस, लोखंडाच्या भट्टीचा मालक. सप्टेंबर 1865 मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने चक्क हिशेब मांडला: 200 एकरांवर जमीन असलेल्या दक्षिणेतल्या, यादवी युद्धात बंड केलेल्या सुमारे 70,000 जमीनदारांची जमीन जप्त करा, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला 40 एकर द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा.

हे त्याला का सुचलं ते गोव्यातल्या मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, पोराला विचारा. आमच्या घरावरचं गवत काढून कौलं घालायची तर बाप आधी भाटकाराच्या (जमीनदाराच्या) दारात जाऊन उभा राहायचा. पाडेली (नारळ पाडणारा) माडावर चढला की खाली नारळ गोळा करायला आई, मजुरीचं नाव नाही. 1963 मध्ये मत मिळालं खरं, पण निवडणुकीच्या आदल्या सांजेला भाटकाराचा माणूस आमच्याच अंगणात बसलेला. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा 1975 चा मुंडकार कायदा आला तेव्हा कुठे बापाचा आवाज चढला. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागायला पुढे किती खेटे घातले, ते सोडा.

रात्रपाळी
इतकं डोक्यावर घेऊ नका. काळ्यांच्या मतांनी आपला पक्ष सत्तेत राहील, हे त्याने 1867 मध्ये सभागृहात उघड सांगितलंय. जमिनीच्या योजनेला तर त्याच्याच पक्षाने दाद दिली नाही.

डिचोलीकर
सांगितलं ना उघड? आमच्याकडे तेवढंही कोणी सांगत नाही. आणि 1838 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेने काळ्यांचं मत काढून घेतलं म्हणून त्याने तिच्यावर सही केली नाही, तेव्हा त्याचा हा रिपब्लिकन पक्ष जन्मला तरी होता का?

बाई, जून 1866 चं, नागरिकत्व आणि कायद्यापुढे समानता देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीवरचं भाषण वाचा. मसुदा अपुरा आहे, माझं स्वप्न याहून मोठं होतं, पण मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो, म्हणून हे स्वीकारतो, असा त्याचा सूर आहे. भाबडा असं बोलेल?

सांखळीची_वाचक
मिळालं भाषण. पाडेलीची गोष्ट सांगितली तर चालेल ना? गाव सांगणार नाही.

डिचोलीकर
गावही सांगा. भाटकाराचं नाव तेवढं नको, त्याचा नातू माझा शेजारी आहे.