शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचा खर्च कसा कमी करता? (नागपूर)

मानेवाड्याची सून:
सासूबाई 67 वर्षांच्या, दोन वेळचं इन्सुलिन सुरू आहे. जानेवारीत एका पहाटे त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. मशीनवर 58. तेव्हापासून मी रोज चारदा तपासते. मीटर डब्यासोबत फुकट मिळालं होतं, पण त्याला त्याच कंपनीच्या स्ट्रिप्स लागतात. 50 चा डबा 1,100 ला, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या वर. शिवाय रक्त कमी पडून दर आठवड्याला दोन-तीन वाया जातात. मिस्टर बुटीबोरीला कंत्राटी कामावर आहेत. सासूबाई म्हणतात, "माह्यासाठी कायले एवढा खर्च, बंद कर ते." मला बंद करायचं नाही. पाचशेच्या आत 50 स्ट्रिप्स मिळणारं एक मीटर पाहिलंय, पण त्याचे आकडे खरे असतात का? आणि लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, दोन-तीनदा वापरली तर चालते का?

टाइप वनची आई:
ताई, माझ्या 11 वर्षांच्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे, तोही इन्सुलिनवरच आहे. इन्सुलिनवरच्या माणसाची तपासणी स्वतःच्या मनाने कमी करू नका. 70 च्या खाली गेलेलं वेळेत कळणं यातच सगळं आहे.

जुना लॅबवाला:
सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये 31 वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगतो.

मीटर स्वस्त आहे म्हणून खोटं नसतं आणि महाग आहे म्हणून खरंही नसतं. तुम्हीच पडताळून घ्या. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाल तेव्हा मीटर सोबत न्या. शिरेतून रक्त घेतलं की त्याच मिनिटाला बोटातून तपासा. उपाशीपोटीच, कारण जेवणानंतर बोटातली शुगर शिरेपेक्षा जास्त येते. आयएसओ 15197 या मानकाप्रमाणे 100 च्या वर 15 टक्के फरक चालतो. लॅबचा आकडा 160 असेल तर मीटरवर 136 ते 184 मधलं काहीही ठीक. सासूबाईंचं हिमोग्लोबिनही बघून घ्या, ते फार कमी असेल तर बरीच मीटर शुगर जास्त दाखवतात.

लॅन्सेट दरवेळी नवीनच. दीड-दोन रुपयांची वस्तू आहे. बोथट सुईने दुखतंही जास्त आणि थेंब नीट येत नाही, मग दहा-वीस रुपयांची स्ट्रिप जाते. तुमच्या वाया जाणाऱ्या स्ट्रिप्स मला तिथेच दिसतात. आधी हात कोमट पाण्याने धुवा, पुरता कोरडा करा, मिनिटभर खाली सोडा, बोटाच्या बाजूला टोचा. टोक दाबून दाबून रक्त काढू नका.

आणि संत्रं! सध्या मृग बहाराची संत्री घरोघरी आहेत. संत्रं सोलल्यावर नुसतं स्पिरिट लावून तपासलं तर बोटावरच्या रसाने आकडा भलताच वर जातो. साबण-पाणीच लागतं. असा आकडा बघून इन्सुलिन वाढवलं तर धोका आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

दिवसात किती वेळा तपासायचं, ते डॉक्टरांना रोजच्या आकड्यांची वही दाखवून ठरवा.

महालातला भाऊ:
22 सप्टेंबर 2025 पासून मीटर अन् स्ट्रिप्सवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला. जुनी एमआरपी छापलेला डबा कोणी देऊन राहिला असेल, तर कमी झालेला भाव मागा. मी गंजीपेठेतल्या दवा बाजारातून आणतो, पक्कं बिल घेतो, गल्लीतल्या मेडिकलपेक्षा स्वस्त पडते. पण भाव पाहून सहा डबे उचलू नका. काही कंपन्यांच्या स्ट्रिप्स डबा उघडल्यावर तीनच महिने चालतात. फुटकळ स्ट्रिप्स तर घेऊच नका. मागच्या मे महिन्यात माझा डबा गाडीच्या डिक्कीत राहिला, नंतर आकडे काहीच्या काही यायला लागले. सगळा फेकला. डब्यावर 30 अंश लिहिलेलं असते, आपल्याकडं 45 होते. घरातही कुलरच्या ओल्या हवेत झाकण उघडं ठेवू नका.

मानेवाड्याची सून:
दोन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे खूप आभार. ते स्वस्त मीटर घेतलं आणि लॅबमध्ये सोबत नेलं. लॅब 112, मीटर 121. हिमोग्लोबिन 11.8, डॉक्टर म्हणाले त्याने फरक पडणार नाही. वही बघून त्यांनी ठरवून दिलं: रोज सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी, आठवड्यातून दोन दिवस जेवणानंतर दोन तासांनीही, आणि घाम-थरथर वाटलं की कधीही, खर्चाचा विचार न करता. महिन्याला साधारण 80 स्ट्रिप्स लागतील, म्हणजे आठशेच्या आत.

परवा संध्याकाळी 241 आलं आणि माझं काळीज धडधडलं. मग बघितलं, ताटलीत संत्र्याची सालं. हात साबणाने धुऊन पुन्हा तपासलं, 168. ती एक स्ट्रिप गेल्याचं मला काहीच वाटलं नाही.