मदत हवी आहे: अर्ध्या एचपीच्या जागी एक एचपीची मोटर बसवली तर लाईट बिल डबल येईल का?

मंडळी नमस्कार, प्रश्न बावळट वाटेल पण घरात तीन दिवस यावरून वाद चाललाय म्हणून विचारतेय. आमच्याकडे खाली जमिनीतली टाकी आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी, मधे अर्ध्या एचपीची मोटर. वरची टाकी भरायला १८ मिनिटं लागतात. मोटर आता फार आवाज करते, बदलायचीच आहे, तर मी म्हटलं एक एचपीची घेऊ, पटकन भरेल. आमचे हे म्हणाले डबल एचपी म्हणजे डबल बिल, गरज काय. त्यावर लेक (नववीत आहे, कार्य आणि ऊर्जा धडा नुकताच झालाय) म्हणाली की बाबा, पाणी तेवढंच आणि उंची तेवढीच, मग कार्य पण तेवढंच, बिल कसं वाढेल? वहीत गणितच मांडलं: १००० लिटर म्हणजे १००० किलो, गुणिले ९.८, गुणिले उंची १२ मीटर, आले १,१७,६०० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे टाकीला ०.०३३ युनिट, एका युनिटात तीस टाक्या!! हे इतके हसले की ती रुसून बसली.

मला शाळेतलं एवढंच आठवतंय की ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. पण मग कार्यही ज्यूलमधे आणि ऊर्जाही ज्यूलमधे, तर दोन नावं कशाला? आणि बिलावरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, त्यात वॅट आहे म्हणजे ती शक्ती झाली का? कोणीतरी नीट सांगा, सूत्र नको, सूत्र वहीत आहे.

प्रतिसाद १
डबलच येणार. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, अर्धा म्हणजे ३७३. साधा हिशोब आहे.

प्रतिसाद २
वरच्या दादांचा हिशोब तासाला किती याचा आहे, पण ताईंना मोटर तासभर चालवायचीच नाहीये, टाकी भरली की बंद. तुमच्या लेकीचं बरोबर आहे, निदान मुद्दा तरी. किलोवॅट-तास म्हणजे वॅट गुणिले वेळ, वेळ आत आला की ती शक्ती राहत नाही, ऊर्जा होते, आणि बिल ऊर्जेचंच येतं. आपण बोलताना जोर, ताकद, पॉवर, एनर्जी सगळं एकाच अर्थी वापरतो ना, तिथेच घोळ होतो. ऊर्जा म्हणजे जवळ असलेला साठा समजा, कार्य म्हणजे बल लावून काहीतरी हलवलं आणि त्या वाटेने ती एकीकडून दुसरीकडे गेली ते. गेली तीच वस्तू, म्हणून माप एकच, ज्यूल. गच्चीवरच्या पाण्यात ते १,१७,६०० ज्यूल आता पडून आहेत, नळ सोडला की धार जोरात येते ती त्यातूनच.

एक करून बघा. मीटरवर लाल दिवा ब्लिंक होतो, एका युनिटला किती ब्लिंक ते मीटरवरच छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, फक्त मोटर चालू ठेवा आणि मिनिटाला किती ब्लिंक होतात ते लेकीला मोजू द्या.

मूळ प्रश्न, अपडेट
केलं! मीटरवर ३२०० लिहिलंय. मिनिटाला ३३ ब्लिंक, म्हणजे १८ मिनिटांत ५९४, म्हणजे ०.१८६ युनिट. लेकीचं तोंड उतरलं, ०.०३३ च्या साडेपाच पट निघालं. आणि ३३ वरून वॅट काढले तर ६१९ येतात, अर्ध्या एचपीचे तर ३७३ ना? मीटर खराब आहे का?

प्रतिसाद २
मीटर ठीक आहे, लेकीला सांगा पेढे वाटायचा दिवस आहे. मिनिटाला ३३ ही शक्ती, सगळे मिळून ५९४ ही ऊर्जा, दोन्ही मोजून झाले की तिचे. प्लेटवरचा एचपी म्हणजे मोटरचा दांडा बाहेर किती देतो ते, लाईनमधून ती जास्त खेचते आणि मधला फरक मोटर गरम होण्यात जातो. पुढे पंपात आणि पाइपात पाणी घासत जातं तिथे आणखी. शेवटी साधारण सहावा हिस्सा पाणी चढवण्याच्या कार्यात लागला. छोट्या आणि जुन्या पंपांचं असंच असतं.

एक एचपीची मोटर ब्लिंक भराभर करेल पण थोडाच वेळ. निम्म्या वेळात मात्र भरणार नाही, कारण पाइप तोच ठेवून पाणी दुप्पट वेगाने ढकललं की घर्षणाचं नुकसान साधारण चौपट होतं. म्हणजे बिल थोडं वाढू शकतं, डबल नाही. घेताना एचपीपेक्षा प्लेटवरचं हेड (पंप किती उंचीपर्यंत पाणी चढवतो तो आकडा) बघा, तुमच्या १२ मीटरच्या आसपास पंप चांगलं पाणी देतो ना ते विचारा, आणि पाइप अरुंद असेल तर आधी तो बदला.

मूळ प्रश्न
धन्यवाद दादा, ह्यांना वाचून दाखवलं, गप्प आहेत. आता सासूबाई पेटल्यात. धड्यात आहे की डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यावर चाललं तर कार्य शून्य. त्या म्हणतात आयुष्यभर विहिरीवरून घागरी आणल्या, पुस्तकवाल्याला आण इकडे, एक घागर घेऊन चालून दाखव म्हणावं.

प्रतिसाद २
आजींना नमस्कार सांगा. बल वरच्या दिशेला आणि चाल आडवी, म्हणून घागरीवर कार्य शून्य, तिला काही मिळालं नाही. आजींची ऊर्जा मात्र गेलीच, स्नायू सतत ताणलेले राहतात आणि त्याची उष्णता होते. मोटरचंही तसंच: फूटव्हॉल्व्हमधे (खालच्या टाकीतल्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या झडपेत) कचरा अडकला की पाणी चढत नाही, मोटर फिरत राहते, ब्लिंक चालूच. ते पण मोजून बघता येईल, पण मोटर जळेल, नको.