कुत्री पकडणाऱ्याला लायसन्स हवं की नको?

भांडुपकर
परवा सकाळी आमच्या गल्लीत कुत्र्यांची गाडी आली. कुणाची ते लिहीत नाही, मुद्दा तो नाही. माणसं चार, जाळं एक. बिस्किटाला भुलून तांबडी कुत्री पुढे आली आणि दोन मिनिटांत गाडीत गेली. तिची आचळं दुधानं लोंबत होती. आमच्या इस्त्रीवाल्याला ती समोरून दिसली, पकडणाऱ्यांना दिसली नाहीत. रात्रभर बंद टेम्पोखालून पिल्लांचं केकाटणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला परत आणून सोडलं, तोवर पाचातली तीन गेली होती.

रिक्षा चालवायला बॅज लागतो. जिवंत जनावर उचलणाऱ्या माणसाला काय लागतं? भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी केंद्रानं केलेल्या 2001 च्या नियमांत गाडीवर कुत्री पकडण्याचं प्रशिक्षण घेतलेले दोन किंवा जास्त कर्मचारी हवेत, असं लिहिलं होतं. पण प्रशिक्षित कुणाला म्हणायचं? 2023 ला नवे नियम आले. त्यात नसबंदीच्या प्रकल्पाला प्राणीकल्याण मंडळाची मान्यता लागते. ती मिळते संस्थेला. जाळं ज्याच्या हातात आहे, त्याच्या नावावर कागद नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अॅनिमल कंट्रोल ऑफिसरला, म्हणजे जनावरं पकडणाऱ्या सरकारी माणसाला, नेमणुकीनंतर दोन वर्षांत मूळ प्रशिक्षण पुरं करावं लागतं, पुढे दर तीन वर्षांनी 15 तासांची उजळणी. टेक्सासमध्ये पहिल्या वर्षातच 12 तासांचा कोर्स. आपल्याकडेही माणसाच्या नावानं लायसन्स द्या, तीन वर्षांनी परत तपासा, चुकला तर काढून घ्या. मला यात काही अवघड दिसत नाही.

दादरचा कावळा
काढा लायसन्स, भरा फॉर्म, चिकटवा फोटो! अहो, 2014 च्या गणनेत मुंबईत 95 हजारांवर भटकी कुत्री निघाली होती. सुप्रीम कोर्टानं 7 नोव्हेंबर 2025 ला सांगितलं की शाळा, इस्पितळं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचला आणि परत तिथेच सोडू नका. एवढं करायला माणसं आहेत का? आहेत त्यांच्यातही तुम्ही परीक्षा लावून गाळणी करणार. माझी आई सकाळी दुधाला जाताना काठी घेऊन जाते. तिला पकडणाऱ्याचं सर्टिफिकेट बघायचं नाहीये, कुत्रा गेलेला बघायचाय.

जाळीवाला
भांडुपकर साहेब, मी अकरा वर्षं गाडीवर आहे. आधी तुमचं बरोबर काय ते सांगतो. दुधाची कुत्री उचलायची नसते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळतं. त्याला कोर्स लागत नाही.

पण पळत्या कुत्रीची आचळं दिसत नाहीत. जाळंसुद्धा लोकांना वाटतं तसं दुरून फेकत नाहीत. एकजण तिला भिंतीकडे वळवतो, दुसरा वाटेवर जाळं धरून उभा राहतो, ती स्वतःच आत शिरते. मग जाळ्याचं तोंड पिळून बांधायचं, तेव्हा पोट दिसतं. त्या क्षणाला तिला सोडली तर दिवसाचा आकडा एकानं कमी. आमच्याकडे पैसा आकड्यावर आहे. संध्याकाळी कुणी विचारत नाही की किती सोडल्या, विचारतात किती आणल्या.

आता सांगा, तुमचं लायसन्स आलं तर निलंबित कोण होणार? मी. आकडा मागणारा नाही. मला दोनदा चावलंय. दुसऱ्या वेळी सुई घ्यायला गेलो तो दिवस बिनपगारी धरला. लायसन्सची फी आणि कोर्सचे दिवसही बिनपगारीच जातील, लिहून ठेवा.

मांजरमावशी
मला वेगळीच धास्ती आहे. आमच्या चाळीतली सगळी कुत्री मी हाकेवर बोलावून दिली आहेत, जाळं लागलंच नाही. मी हातानं उचलून पिंजऱ्यात ठेवते. उद्या लायसन्स आलं की मी बिनपरवाना पकडणारी ठरणार का? सर्पमित्रांचं बघा. वनविभागाकडे नोंदणी आली ते चांगलंच झालं, पण ओळखपत्र गळ्यात घालून साप हातात धरून रील काढणारेही त्यातच निघाले. कार्डामुळे माणूस शहाणा होत नाही हो.

पशुवैद्य
मावशी, कार्डानं शहाणपण येत नाही हे खरं, पण कार्ड नसल्यावर मूर्खपणाचा जाब कुणाला विचारायचा? माझी स्वतःची नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आहे, दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मी चुकलो तर तक्रार कुठे करायची ते लोकांना माहीत आहे. माझ्या टेबलावर येणारं कुत्रं मात्र कुणी कसं पकडलं, याची नोंद शून्य. मे महिन्यात दोन तास उभ्या गाडीतून आलेलं कुत्रं धापा टाकत असतं, अंग तापलेलं असतं. त्याला भूल द्यावी की आधी पाणी मारून थंड करावं, हा निर्णय मी घेतो आणि दगावलं तर नाव माझं.

जाळीवाले दादांच्या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्या बाजूनं आहे. लायसन्सची पहिली अट गाडीच्या मालकावर घाला, आणि ती म्हणजे पकडणाऱ्याला रेबीजची आगाऊ लस. ती आधी घेतलेली असेल तर चावल्यावर पहिल्या आणि चौथ्या दिवशी मिळून दोनच सुया लागतात, जखमेत टोचायचं सीरम लागत नाही. लस दिली नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर गाडी रस्त्यावर येणार नाही. मग बघा लस देतात की नाही.

दादरचा कावळा
म्हणजे गाडी उभीच राहणार. मी तेच म्हणत होतो.

पशुवैद्य
चार दिवस उभी राहील. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, कावळेबुवा.

मांजरमावशी
आकड्यावरून आठवलं. 1832 मध्ये इंग्रज सरकारच्या हुकमानं शिपाई बेवारस कुत्री मारत सुटले, तेव्हा मुंबईच्या फोर्टात पारश्यांनी दंगल केली होती. त्या शिपायांनाही दर कुत्र्यामागे बक्षीस होतं! म्हणजे ते घराघरांत शिरून पाळलेलीसुद्धा ओढून नेणारच.

भांडुपकर
जाळीवाले, आकड्यावर पैसा हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिली पोस्ट थोडी वेगळी लिहिली असती. तरी लायसन्सचा हट्ट सोडत नाही. उलट आता वाटतं, तुमच्या हातात तुमच्या नावाचा कागद असता तर दुधाची कुत्री सोडताना 'माझं लायसन्स जाईल' एवढं तरी तोंडावर सांगता आलं असतं. आणि बघून सोडलेल्या कुत्रीचेही पैसे धरायला हवेत, निदान अर्धे.

जाळीवाला
अर्धे धरले तर मीच पहिला फॉर्म भरतो. धरणार नाहीत.

एक विचारू? कुत्री दुसऱ्याच दिवशी परत आली म्हणालात. ऑपरेशन झालं असतं तर चारेक दिवस ठेवली असती. नसबंदी झाली की कानाला खाच पाडतात, ती आहे का बघा.

भांडुपकर
आत्ताच खाली जाऊन पाहिलं. खाच नाही. दोन्ही पिल्लं पीत होती.

जाळीवाला
मग ती अजून यादीत आहे, गाडी परत येणार. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत थांबा, असं त्यांना लेखी द्या, तोंडी नको. आणि इस्त्रीवाल्याला सांगून ठेवा, त्याची नजर चांगली आहे.